पत्त्याचा रकाना

वैद्यकीय खर्चाच्या परताव्याचे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जातात. नाव, हुद्दा, वय, आजार, बिलांची एकूण रक्कम आणि मध्येच कुठेतरी राहण्याचा पत्ता. वीस वर्षांत या पत्त्याच्या रकान्याकडे मी फक्त एवढ्यासाठी पाहत आलो की तो कोरा राहिलेला नाही ना. कोरा असला तर अर्ज परत. भरलेला असला तर त्यात वाळपई लिहिले आहे की काणकोण, याच्याशी मंजुरीला काही देणेघेणे नसते.

अशाच एका रकान्यातून एका रोगाचा शोध लागला हे वाचले तेव्हा मला आपल्या टेबलाचा थोडा अभिमान वाटला आणि थोडी लाजही वाटली. लाज वाटण्याचे कारण घरातले आहे, ते आधी सांगतो.

माझी आत्या सत्तरीत दिलेली. घरची काजूची बाग, गोठ्यात चार गुरे. मे महिन्यात आम्ही मुले तिच्याकडे जायचो आणि कधीमधी ती आमच्याकडे यायची. एकदा ती आली म्हणून घरात बोकडाची सागोती झाली. आत्या सर्वांबरोबर जेवली, गप्पा मारून झोपली आणि मध्यरात्र उलटल्यावर उठून बसली ती अंगभर गांधी उठलेल्या, ओठ सुजलेले अशा अवस्थेत. आजी म्हणाली पित्त. बाबा म्हणाले, किडा चावला असेल. सकाळी डॉक्टरांकडे नेले तर ते हसून म्हणाले की मटण बाधायचे असते तर पानावरून उठायच्या आत बाधले असते, सहा तासांनी कसे बाधेल? आत्या एवढेच म्हणत राहिली, "म्हाका मटण बाधता रे." पुढे तिने मटण सोडले आणि मासळीवर व कोंबडीवर राहिली. आम्ही मात्र तिच्या पानात वेगळे वाढताना "सहा तासांनी बाधणारे मटण" म्हणून तिची थट्टा करीत आलो. मीही करीत असे. आत्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिला नेमके काय होत होते हे आज कुणालाच सांगता येणार नाही, आणि मी पुढे ज्या रोगाविषयी लिहिणार आहे तोच तिला होता असेही मी म्हणत नाही. पण सहा तासांनी मांस कसे बाधेल, या प्रश्नाचे खरोखरच उत्तर आहे, आणि ते शोधणाऱ्या माणसाची कथा मला तिच्यामुळे जवळची वाटली.

त्यांचे नाव थॉमस प्लॅट्स-मिल्स. जन्म १९४१ सालचा, इंग्लंडमधला. वडील जॉन प्लॅट्स-मिल्स हे मूळचे न्यूझीलंडचे, नावाजलेले बॅरिस्टर; १९४५ साली मजूर पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले आणि फारच डावे म्हणून १९४८ साली त्याच पक्षातून काढले गेले. आई जॅनेट क्री चित्रकार. सहा मुलगे. अशा घरात वाढलेल्या मुलाला सर्वमान्य मताचा फारसा धाक वाटत नसावा, असा माझा आपला तर्क. ऑक्सफर्डचे बेलियल कॉलेज, मग लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये किमिशिगे इशिझाका यांच्या हाताखाली संशोधन.

इशिझाकांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. ॲलर्जी म्हणजे शरीराने निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजणे, हे ठाऊक होते. पण शत्रू समजून सोडले जाणारे ते हत्यार कोणते, हे १९६६ सालापर्यंत कुणाच्या हाती लागले नव्हते. किमिशिगे आणि तेरुको या जपानी दांपत्याने ते शोधले. रक्तातले हे प्रतिपिंड, म्हणजे आयजीई, इतके अत्यल्प असते की ते शोधायला त्यांनी स्वतःच्याच कातडीवर सुया टोचून घेतल्या आणि कुठे लाल गांध उठते ते पाहिले. गुरूने स्वतःच्या अंगावर गांधी उठवून घेतल्या आणि पुढे शिष्याच्या अंगावर त्या आपोआप उठल्या. तो भाग पुढे येईलच.

लंडनला परतल्यावर प्लॅट्स-मिल्स यांनी हाती घेतला तो विषय घरातल्या धुळीचा. गादी झटकली की दम्याच्या रोग्याला धाप लागते, हे आपल्याकडे आजीबाईलाही माहीत. त्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे, कोळ्याच्या कुळातले आठपायी माइट राहतात, हेही तोवर कळले होते. १९८० साली मार्टिन चॅपमन यांच्यासह त्यांनी या माइटमधले ॲलर्जी आणणारे मुख्य प्रथिन वेगळे काढले. पुढच्या वर्षी यूअन टोवी हे सहकारी मिळाले आणि 'नेचर' नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले की हे प्रथिन मुख्यतः येते ते माइटच्या विष्ठेतून. (आपण ज्या उशीवर डोके ठेवतो तिच्याविषयी यापेक्षा अधिक न लिहिलेले बरे.)

१९८२ साली त्यांनी आणखी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. धुळीची ॲलर्जी असलेले नऊ तरुण दमेकरी त्यांनी रुग्णालयाच्या स्वच्छ खोल्यांत राहायला आणले, एखाद्या रात्रीपुरते नव्हे तर दोन महिने व त्याहून अधिक काळ. ते बाहेर कामाला जाऊ शकत, झोपायला मात्र रुग्णालयात. बहुतेकांचा दमा उतरला, श्वासनलिकांचा तो जात्याच हुळहुळेपणाही कमी झाला. नुसता पत्ता बदलला, दम बदलला. त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाची किल्ली मला या प्रयोगात दिसते. रोग्याला काय होते हे विचारून झाल्यावर तो राहतो कुठे, हे ते विचारीत.

त्याच वर्षी त्यांनी इंग्लंड सोडले आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात गेले. शार्लट्सव्हिल हे गाव, पश्चिमेला ब्लू रिजचे डोंगर, हरणांनी भरलेले रान. दमा आणि धूळ यांवर तिथे त्यांनी वीसेक वर्षे काम केले आणि विभागप्रमुख झाले. साठी ओलांडली. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तिवेतनाच्या कागदांत गुंततो. त्यांच्यापुढे याच वेळी एक कोडे आले, आणि ते कर्करोगाच्या औषधाचे होते.

सेटक्सिमॅब या औषधाला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या आणि डोक्या-मानेच्या कर्करोगावर ते शिरेतून देतात. मार्था स्ट्युअर्ट नावाच्या विख्यात गृहसजावटकार बाईंना शेअरच्या व्यवहारावरून तुरुंगात जावे लागले, ती कंपनी हेच औषध बनवणारी. म्हणजे औषधाची कीर्ती रोग्यांआधी शेअर बाजारात पोचलेली. ते चांगले होते, पण काही रोग्यांना पहिल्याच सलाइनमध्ये काही मिनिटांत घशाला सूज, रक्तदाब कोसळणे, म्हणजे डॉक्टर ज्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात तो जिवावरचा प्रकार होऊ लागला. नवल म्हणजे टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत असा त्रास शंभरात बावीस जणांना झाला आणि ईशान्येकडच्या राज्यांत शंभरात एकालाही नाही. तेच औषध, तोच रोग, तीच मात्रा. फरक फक्त पत्त्याच्या रकान्यात.

पहिल्याच खेपेला ॲलर्जी कशी? आयजीई तयार व्हायला आधी एकदा तरी त्या वस्तूची गाठ पडावी लागते. म्हणजे या रोग्यांच्या रक्तात औषध जाण्याआधीपासूनच त्याविरुद्धचे हत्यार तयार असले पाहिजे. प्लॅट्स-मिल्स यांच्या प्रयोगशाळेने तेच तपासले. टेनेसीच्या क्रिस्टीन चुंग व इतरांसह २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. औषध घेतलेल्या ७६ जणांपैकी २५ जणांना त्रास झाला होता. त्यांतल्या १७ जणांच्या औषधापूर्वीच्या रक्तात हे प्रतिपिंड सापडले. त्रास न झालेल्या ५१ जणांपैकी फक्त एकाच्या. मग औषधाशी काही संबंध नसलेल्या माणसांचे रक्त तपासले. टेनेसीत ७२ पैकी १५, कॅलिफोर्नियात ४९ पैकी ३, बॉस्टनमध्ये ३४१ पैकी फक्त २. आम्ही कारकून लोक आकड्यांची बेरीज करतो, पण हे आकडे शेजारी शेजारी मांडून नुसते पाहत बसावे असे आहेत.

प्रतिपिंड होते ते औषधावर चिकटलेल्या एका साखरेविरुद्ध. हे औषध उंदराच्या पेशींमध्ये तयार होते आणि त्या पेशी आपल्या सवयीने त्यावर गॅलॅक्टोजची एक जोडी चढवतात. तिचे लांबलचक नाव सोडून देऊ. थोडक्यात तिला अल्फा-गॅल म्हणतात. गाय, म्हैस, डुक्कर, बकरी, मेंढी, हरीण, उंदीर, बहुतेक साऱ्या सस्तन प्राण्यांच्या अंगात ती असते. माणसात नसते. गोरिला, चिंपांझीत नसते, आणि आशिया-आफ्रिकेतल्या माकडांतही नसते. म्हणजे आमच्या मारुतीच्या देवळाच्या कौलांवरून उड्या मारणारी माकडे या बाबतीत आमच्या पंक्तीतली आणि गोठ्यातली गाय मात्र परकी! दोन-तीन कोटी वर्षांपूर्वी आमच्या सामायिक पूर्वजांनी ही साखर बनवण्याचे कौशल्य गमावले. तेव्हापासून ती आपल्या शरीराला अनोळखी आहे. तिच्याविरुद्ध साधी प्रतिपिंडे आपल्या सर्वांच्या रक्तात भरपूर असतात, हे उरी गॅलिली यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले होते. डुकराचे मूत्रपिंड माणसाला बसवले की शरीर ते तत्काळ नाकारते, त्याचे एक मोठे कारण हेच. पण ती प्रतिपिंडे निराळ्या जातीची. त्यांच्यामुळे मटण खाऊन कुणाला गांधी उठत नाहीत. टेनेसीच्या लोकांत याच साखरेविरुद्ध आयजीई का तयार झाले होते?

या सुमारास व्हर्जिनियाच्या दवाखान्यात आत्यासारखी तक्रार घेऊन येणारी माणसे होतीच. रात्री गोमांस खाल्ले, डुकराचे मांस खाल्ले, आणि मध्यरात्री अंग खाजून उठलो. पूर्वी अशांच्या कागदावर कारण अज्ञात असे लिहिले जाई. पाठ्यपुस्तक सांगे की अन्नाची गंभीर ॲलर्जी प्रथिनामुळे येते, साखरेमुळे नव्हे. आणि ती मिनिटांत येते, तासांनी नव्हे. ही माणसे दोन्ही नियम मोडीत होती. आता मात्र त्यांचे रक्त अल्फा-गॅलसाठी तपासता येत होते. २००९ साली स्कॉट कॉमिन्स आणि प्लॅट्स-मिल्स यांनी अशा २४ जणांची हकीकत छापली: मांस खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी त्रास, आणि रक्तात तेच आयजीई. उशीर का होतो याचे सध्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे की त्रास देणारी साखर मांसातल्या चरबीला चिकटलेली असते, आणि चरबी पचून रक्तात उतरायला तेवढे तास लागतात. डॉक्टरांच्या त्या "सहा तासांनी कसे बाधेल?" या प्रश्नाला हे उत्तर. चरबीच्या वाटेने बाधेल.

राहिला पत्ता. ज्या राज्यांत हे आयजीई सापडत होते त्यांचा नकाशा दुसऱ्या कशाशी जुळतो का, हे प्रयोगशाळेत पाहिले गेले, आणि तो जुळला रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर या तापाच्या नकाशाशी. (नाव रॉकी पर्वताचे असले तरी हा ताप अधिक आढळतो तो आग्नेयेकडच्या राज्यांत. सरकारी कागदात एकदा पडलेले नाव बदलत नाही, ते तिकडेही तसेच.) हा ताप गोचिडी पसरवतात. संशय जाऊन थांबला तो लोन स्टार या जातीच्या गोचिडीवर. मादीच्या पाठीवर एकच पांढरा ठिपका, म्हणून ते नाव. ती हरणांवर वाढते, आणि तिकडच्या रानात हरणांची संख्या गेल्या काही दशकांत बेसुमार वाढली आहे.

गोचीड म्हणजे काय हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. गुराच्या कानात, कुत्र्याच्या मानेत फुगून बसलेली ती आपण लहानपणापासून पाहतो, आणि २०१५ पासून सत्तरीच्या माणसाला तिची भीतीही बसली आहे. त्या वर्षी पाली गावात काजू वेचणाऱ्यांना माकडतापाने गाठले. हा ताप प्रथम ओळखला गेला तो १९५७ साली, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली तेव्हा, आणि त्याचा विषाणू शोधला तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने. सत्तरीनंतर दोडामार्गातही तो पोचला. मात्र दोन्हींची गल्लत करू नये. माकडतापात गोचीड विषाणूची वाहतूक करते. व्हर्जिनियातल्या प्रकारात जंतू कुठलाच नाही. गोचिडीच्या लाळेत अल्फा-गॅल असते. चावा घेताना ती कातडीतून आत जाते आणि शरीर त्या वाटेने आलेल्या साखरेला कायमची शत्रू म्हणून नोंदवून ठेवते. पुढे तीच साखर ताटातून आली की शरीर जुनी नोंद काढून हल्ला चढवते. कुत्र्याला, गाईला असे होत नाही, कारण ती साखर त्यांची स्वतःची आहे.

हे सारे संशयाच्या पातळीवर असतानाच २००७ चा ऑगस्ट आला. प्लॅट्स-मिल्स ब्लू रिजच्या डोंगरात फिरायला गेले. घरी येऊन मोजे काढतात तो पायांवर टाचणीच्या टोकाएवढी गोचिडींची पिल्ले, एक-दोन नव्हे, सुमारे दोनशे. काढता निघेनात, खाज आठवडे चालली. दुसरा कुणी वैतागला असता. या गृहस्थांनी स्वतःच्या रक्तातले अल्फा-गॅलचे आयजीई मोजायला घेतले, आणि ते चढत गेले. नोव्हेंबरात ते लंडनला गेले असता रात्रीच्या जेवणात त्यांनी मेंढीच्या मांसाच्या दोन फोडी खाल्ल्या, वर दोन पेले वाइन घेतली आणि झोपले. सहा तासांनी जागे झाले ते अंगभर गांधी घेऊन. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी हा प्राध्यापक स्वतःच्याच संशोधनातला रोगी झाला. २०११ साली कॉमिन्स आणि त्यांनी गोचीड आणि हे आयजीई यांचा संबंध सविस्तर छापला, त्यात स्वतःच्या रक्ताचा आलेखही दिला.

या शोधाचे सारे श्रेय त्यांच्या एकट्याच्या पदरात टाकणे मात्र बरोबर होणार नाही. इथे मला वर्तमानपत्री लेखांची तक्रार करायची आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला सिडनीच्या रॉयल नॉर्थ शोर रुग्णालयात शेरिल व्हॅन न्यूनेन या ॲलर्जीतज्ज्ञ बाईंकडे उत्तर सिडनीच्या झाडीतल्या वस्त्यांतून रोगी येत. तिथल्या गोचिडीची जात निराळी. तिच्या चाव्याने जनावरांना पक्षाघात होतो. मांस खाऊन त्रास होणारे रोगी पुन्हा पुन्हा सांगत की त्याआधी आम्हाला गोचीड चावून मोठी सूज आली होती. बाईंनी ते नुसते ऐकले नाही, लिहून ठेवले. २००७ साली त्यांनी ते परिषदेत मांडले आणि २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले: मांसाची ॲलर्जी असलेल्या २५ रोग्यांपैकी २४ जणांना आधी गोचिडीच्या चाव्याची मोठी सूज आली होती. गोचीड आणि मांस यांची गाठ प्रथम छापील स्वरूपात बांधली ती त्यांनी. त्यांच्याजवळ साखरेचे नाव नव्हते, व्हर्जिनियावाल्यांजवळ ते होते. दोन्ही तुकडे जुळल्यावर चित्र पुरे झाले. पुढे स्वीडन, जर्मनी, जपान, दक्षिण आफ्रिका इथूनही निरनिराळ्या गोचिडींमुळे झालेले असेच रोगी नोंदले गेले.

प्लॅट्स-मिल्स २०१० साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मानसन्मानांची यादी इथे देत नाही. त्याहून मला मोलाची वाटते ती या शोधाने सुटलेल्या माणसांची गोष्ट. २०१७ सालच्या एका अभ्यासात असे २८ रोगी घेतले, तर लक्षणे सुरू झाल्यापासून निदान व्हायला त्यांना सरासरी सात वर्षे लागली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत कारण अज्ञात असा शिक्का बसलेल्या ७० जणांचे रक्त पुन्हा तपासले तेव्हा त्यांतल्या सहा जणांचे कारण अल्फा-गॅल निघाले, आणि मांस बंद केल्यावर त्यांचे झटके थांबले. उपाय इतका साधा. मासळी चालते, कोंबडी चालते. गाय, डुक्कर, बकरी, मेंढी बंद, काहींना दूध आणि जिलेटिनच्या कॅप्सूलही बंद. पुन्हा गोचीड चावू दिली नाही तर काही वर्षांत आयजीई उतरते आणि काहीजण पूर्ववत खाऊ लागतात. आमच्याकडच्या शीत-हुमणाच्या माणसाला हे पथ्य जड जाणार नाही. नाताळातल्या सोरपोतेलवाल्यांचे मात्र अवघड.

परंतु निदान झाले तरच पथ्य. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२३ साली जाहीर केले की २०१० ते २०२२ या काळात तिथे १ लाख १० हजारांहून अधिक संशयित रुग्ण आढळले, आणि खरा आकडा साडेचार लाखांपर्यंत असू शकेल. त्याच वेळी १५०० डॉक्टर व तत्सम व्यावसायिकांना विचारले, तर त्यांतल्या ४२ टक्क्यांनी या रोगाचे नावही ऐकलेले नव्हते.

त्याची किंमत काय ते २०२४ च्या उन्हाळ्यात कळले. न्यू जर्सीतला चाळिशीतला एक निरोगी गृहस्थ, म्हणजे माझ्याच वयाचा, कुटुंबासह रानात तंबू ठोकून राहिला होता. रात्री गोमांस खाल्ले आणि काही तासांनी पोटात भयंकर कळा, उलट्या, जुलाब. सकाळी बरे वाटले, म्हणून डॉक्टरकडे जाणे राहून गेले. दोन आठवड्यांनी दुपारी त्याने एक हॅम्बर्गर खाल्ला, घरी येऊन हिरवळ कापली आणि संध्याकाळी स्नानगृहात बेशुद्ध सापडला. त्या रात्री तो गेला. शवविच्छेदनात कारण सापडले नाही. त्याच्या पत्नीने ओळखीच्या डॉक्टरबाईंना तो अहवाल वाचायला दिला, आणि त्यांच्यामार्फत प्रकरण प्लॅट्स-मिल्स यांच्यापर्यंत पोचले. राखून ठेवलेले रक्त तपासले तर अल्फा-गॅलचे आयजीई होते, आणि गंभीर ॲनाफिलॅक्सिसची खूणही. त्या उन्हाळ्यात त्याच्या घोट्यांना डझनभर चावे होते. घरच्यांना ते दुसऱ्याच किड्याचे वाटले होते. मांसामुळे आलेल्या या ॲलर्जीने झालेला पहिला नोंदलेला मृत्यू म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तोवर प्लॅट्स-मिल्स यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

हे वाचल्यानंतर काजूच्या हंगामात मी सत्तरीला आतेभावाकडे गेलो. तो बागेतून आला होता, अनवाणी, अर्धी चड्डी, पायाला पाला चिकटलेला. मी म्हटले, "भाई, बागेतून आल्यावर पाय बघतोस ना? गोचीड-बिचीड?"

"माकडतापाचे तेल लावतो सांगितले त्याप्रमाणे. कधी विसरतो."

मग मी त्याला ही सारी कथा सांगितली, तिकडच्या त्या प्राध्यापकाची, मेंढीच्या दोन फोडींची, सहा तासांची. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे आईला तेच होते?"

"तसे आता सांगता येणार नाही."

"मग मला सांगतोस कशाला?" एवढे बोलून तो भट्टीकडे निघून गेला. मी ओसरीवर बसून राहिलो. काही वेळाने तो परत आला, पायरीवर बसला आणि काही न बोलता पाय वर घेऊन बोटांच्या बेचक्या तपासू लागला. मीही मोजे काढले.